शारीरिक सुदृढतेवरील पदव्युत्तर संशोधन : प्रवाह, मोजपट्ट्या आणि कोकणातील विद्यार्थी

प्रस्तावना

शारीरिक शिक्षण या विषयात एम. पी. एड., एम. फिल. अथवा पीएच. डी. या पदव्यांसाठी सादर झालेल्या प्रबंधांच्या याद्या चाळल्या असता शीर्षकांतील साम्य चटकन ध्यानात येते. ‘ग्रामीण व शहरी विद्यार्थ्यांच्या शारीरिक सुदृढतेचा तुलनात्मक अभ्यास’, ‘कबड्डी व खो-खो खेळाडूंच्या निवडक शारीरिक घटकांचा तुलनात्मक अभ्यास’, ‘सहा आठवड्यांच्या योगाभ्यासाचा निवडक शारीरिक घटकांवर होणारा परिणाम’ या धर्तीची शीर्षके पुन्हा पुन्हा भेटतात. तालुक्याचे नाव, खेळाचे नाव आणि आठवड्यांची संख्या तेवढी बदलते. आराखडा मात्र तोच राहतो. ‘निवडक’ हा शब्द तर जवळजवळ प्रत्येक शीर्षकात असतो, आणि ती निवड कोणत्या निकषावर केली याचे उत्तर अनेकदा ‘उपलब्ध साहित्य व वेळ’ असेच असते.

या संशोधनाची खिल्ली उडविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. उन्हात उभे राहून शंभर मुलांच्या उड्या मोजणारा विद्यार्थी ग्रंथालयात बसून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा कमी कष्ट घेत नाही. हे कष्ट एका विशिष्ट साच्यात का अडकले, तो साचा कोठून आला आणि सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना तो कितपत लागू पडतो, याचा विचार येथे करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ जिमखान्यापुरता राहिलेला नाही. महाविद्यालयांच्या संशोधन समित्यांवर भाषा, वाणिज्य व विज्ञान या शाखांचे अध्यापक असतात. संख्याशास्त्राच्या अध्यापकांकडे असे प्रबंध सल्ल्यासाठी येतात. आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शारीरिक शिक्षण व योग यांना सहशैक्षणिक अभ्यासक्रमांत श्रेयांकांसह स्थान मिळाल्याने सुदृढतेच्या चाचणीचा आकडा विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेच्या अगदी जवळ येऊन पोहोचला आहे.

मोजपट्टीचा प्रवास

महाराष्ट्रात शरीरसाधनेची परंपरा जुनी असली तरी तिची भाषा आजच्या प्रबंधांची नव्हती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांच्या परिणामांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात प्रसिद्ध झाले. या परंपरेत जोर व बैठका यांची संख्या होती, शरीराच्या घडणीचे वर्णन होते, क्ष-किरणाच्या साहाय्याने केलेली निरीक्षणेही होती. परंतु समाजातील सर्वसामान्य मुलाची सुदृढता किती आणि ती इतरांच्या तुलनेत कोठे बसते, हा प्रश्न तिचा नव्हता.

तो प्रश्न अमेरिकेतून आला. हान्स क्राऊस यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९५० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकन व युरोपीय शाळकरी मुलांची किमान स्नायुक्षमता सहा साध्या हालचालींच्या चाचणीने तपासली. अमेरिकन मुलांपैकी ५७.९ टक्के मुले किमान एका हालचालीत अनुत्तीर्ण ठरली. ऑस्ट्रिया, इटली व स्वित्झर्लंड येथील मुलांत हे प्रमाण केवळ ८.७ टक्के होते. शीतयुद्धाच्या त्या काळात हा आकडा राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला. अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५६ साली युवकांच्या सुदृढतेसाठी परिषद नेमली आणि १९५८ साली तेथील आरोग्य व शारीरिक शिक्षण संघटनेची युवक सुदृढता चाचणी प्रसिद्ध झाली. पुल-अप्स, सिट-अप्स, शटल रन, जागेवरून लांब उडी, ५० यार्ड धावणे, सॉफ्टबॉल फेक आणि ६०० यार्ड धावणे-चालणे असे तिचे सात घटक होते. आपल्याकडील प्रबंधांत ‘आहपर चाचणी’ म्हणून जिचा उल्लेख येतो ती हीच.

भारतात ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९५७ साली सुरू झाले आणि १९५९-६० पासून राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम राबविली गेली. शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर अध्यापन वाढू लागले तेव्हा संशोधनाचे जे हत्यार हाताशी होते ते या अमेरिकन चाचणीचे होते. ते स्वस्त होते. फीत, स्टॉपवॉच व शिटी एवढ्यावर भागत होते. त्यामुळे ते टिकले. केनेथ कूपर यांची बारा मिनिटांची धाव १९६८ साली आली. १९८० साली अमेरिकेनेच कारक कौशल्यावर भर देणारी जुनी कल्पना बाजूस सारून आरोग्याधिष्ठित सुदृढतेची चाचणी स्वीकारली. तिच्यात दमदारपणा, चरबीचे प्रमाण, पोटाच्या स्नायूंची ताकद व लवचिकता हे घटक आले. आज खेलो इंडियाच्या शालेय मूल्यमापनात इयत्ता चौथीपासून पुढे ५० मीटर व ६०० मीटर धावणे, बसून पुढे वाकणे, अर्ध सिट-अप्स, पुश-अप्स व शरीर वस्तुमान निर्देशांक हे घटक आहेत. यार्डांचे मीटर झाले. ५० आणि ६०० हे आकडे मात्र तसेच राहिले आहेत.

प्रबंधांचे प्रवाह

आरंभीच्या काळातील संशोधनाचा एक महत्त्वाचा प्रवाह मानके तयार करण्याचा होता. एखाद्या भागातील विशिष्ट वयाच्या मुलांच्या मोठ्या गटाची चाचणी घेऊन शततमक काढावयाचे, म्हणजे पुढे एखाद्या मुलाची उडी पाहून तो आपल्या समवयस्कांत कोठे आहे हे सांगता येते. हे काम कंटाळवाणे असते. त्याला नमुना मोठा लागतो आणि त्यातून नाट्यमय निष्कर्ष निघत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत उपयुक्त असूनही एकट्या विद्यार्थ्याला सर्वांत कमी परवडणारा प्रवाह हाच होय.

त्याच्या जागी तुलनात्मक अभ्यास आला. ग्रामीण-शहरी, आदिवासी-बिगर आदिवासी, खेळाडू-बिगर खेळाडू, आणि एका खेळाचे खेळाडू विरुद्ध दुसऱ्या खेळाचे. प्रत्येकी तीस किंवा चाळीस मुले घेतली की एका सत्रात काम संपते. या प्रकारातील मूलभूत अडचण अशी की तुलना केल्या जाणाऱ्या गटांतील फरक खेळामुळे आला की निवडीमुळे, हे त्यातून कळत नाही. कबड्डीपटू वजनाने भारी आणि खो-खोपटू चपळ आढळले, असा निष्कर्ष निघतो. परंतु भारी मुलगा कबड्डीच्या संघात आणि चपळ मुलगा खो-खोच्या संघात क्रीडाशिक्षकानेच घेतलेला असतो. म्हणजे येथे खेळाचा परिणाम मोजला जात नाही, निवड करणाऱ्याची नजर मोजली जाते.

तिसरा प्रवाह प्रशिक्षणाच्या परिणामाचा. सहा, आठ किंवा बारा आठवड्यांचे सर्किट ट्रेनिंग, प्लायोमेट्रिक व्यायाम, सूर्यनमस्कार अथवा आसने. पूर्वचाचणी, प्रशिक्षण, उत्तरचाचणी. २१ जून २०१५ रोजी पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा झाल्यानंतर योगविषयक शीर्षकांना शासकीय व सामाजिक अनुकूलताही लाभली. हा आराखडा तुलनेपेक्षा सरस आहे, कारण येथे संशोधक स्वतः काही बदल घडवून आणतो. पण नियंत्रित गट नसेल तर त्याचा पायाच ढासळतो. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा बारा आठवड्यांत काहीही न करता थोडा वाढतो. दुसऱ्यांदा चाचणी देताना तिचे तंत्र त्याला अवगत झालेले असते. हा लाभ योगाच्या अथवा सर्किटच्या खात्यावर जमा होतो.

अलीकडचा प्रवाह प्रश्नावलीचा. कोविडच्या साथीत मैदाने बंद असताना ऑनलाइन प्रश्नावलीने अनेकांचे प्रबंध तारून नेले, हे मान्यच केले पाहिजे. तथापि प्रश्नावली सुदृढता मोजत नाही. उत्तर देणाऱ्याला आपल्या हालचालींविषयी जे आठवते आणि जे सांगावेसे वाटते, ते मोजते. तिचा आणखी एक दोष पुढे कोकणाच्या संदर्भात पाहू.

हे प्रवाह केवळ विद्यार्थ्यांच्या आळसातून निर्माण झालेले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच. डी. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची अट घातली. २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या प्रकाशनांना गुण लावले. परिणामी एका प्रबंधाचे तीन-चार लेख करण्याची सवय लागली. आणि आपल्या नियतकालिकासारख्या बहुविद्याशाखीय अंकांना विपुल मजकूर मिळू लागला, हेही येथेच नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. २०२२ च्या विनियमांनी प्रकाशनाची ती सक्ती काढली आणि एम. फिल. बंद केली, नियतकालिकांची केअर यादी चालू न ठेवण्याचा निर्णय २०२५ साली जाहीर झाला. घाईचे एक कारण त्यामुळे कमी झाले. साचा मात्र अजून जागेवर आहे.

दोन आकडे

संख्याशास्त्राशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी या साच्यातील दोन दोष थोडे उलगडून सांगणे आवश्यक आहे.

समजा, एका विद्यार्थ्याने दोन गटांत दहा शारीरिक घटकांची तुलना केली आणि प्रत्येकासाठी ०.०५ हा सार्थकता स्तर ठेवला. दोन्ही गट प्रत्यक्षात सर्वस्वी सारखे असले तरी एका घटकात केवळ योगायोगाने ‘सार्थक’ फरक दिसण्याची शक्यता पाच टक्के असते. दहा घटक परस्परांपासून स्वतंत्र मानले तर त्यांपैकी किमान एकात असा खोटा फरक दिसण्याची शक्यता, ०.९५ चा दहावा घात एकातून वजा केल्यास, सुमारे ४० टक्के येते. सुदृढतेचे घटक पूर्णतः स्वतंत्र नसतात, म्हणून हा आकडा थोडा खाली येईल. तरीही नाणे उडविण्यापासून फार दूर जाणार नाही. मग प्रबंधात लिहिले जाते : ‘चपळता या घटकात सार्थक फरक आढळला, अन्य घटकांत आढळला नाही’, आणि त्या एका फरकाची कारणमीमांसा करण्यात दोन पाने खर्ची पडतात.

दुसरा आकडा याच्या उलट दिशेचा. दोन गटांत खरोखरच अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा, म्हणजे व्यवहारात लक्षणीय, फरक आहे असे मानू. प्रत्येक गटात तीसच मुले असतील तर तो फरक टी-चाचणीच्या हाती लागण्याची शक्यता निम्म्याहूनही थोडी कमी असते. ही शक्यता ८० टक्क्यांपर्यंत न्यावयाची तर प्रत्येक गटात सुमारे ६४ मुले लागतात. म्हणजे रूढ आराखडा नसलेले फरक दाखवितो आणि असलेले फरक लपवितो. ‘शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येत आहे’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘नमुना अपुरा होता’ एवढाच असतो. मार्गदर्शकांनी विषय मंजूर करतानाच घटकांची संख्या दोन-तीनवर आणून मुलांची संख्या दुप्पट केली, तरी कष्ट तेवढेच राहतील आणि निष्कर्षाला वजन येईल.

कोकणातील शरीर, कोकणातील ऋतू

आता कणकवलीच्या मैदानावर येऊ. हार्वर्ड स्टेप टेस्ट १९४३ साली अमेरिकेतील तरुण पुरुषांसाठी रचली गेली. वीस इंच, म्हणजे ५०.८ सेंटिमीटर उंचीच्या बाकावर मिनिटाला तीस वेळा या गतीने पाच मिनिटे चढ-उतार करावयाची. १८० सेंटिमीटर उंचीच्या तरुणाला तो बाक त्याच्या उंचीच्या २८ टक्के पडतो. १५५ सेंटिमीटरच्या मुलाला जवळजवळ ३३ टक्के. ठेंगण्या मुलाचे गुडघे आधी थकतात, हृदयाची पाळी नंतर येते. त्याचा कमी गुणांक ‘हृदय-रक्ताभिसरण दमदारपणाचा अभाव’ म्हणून नोंदविला जातो. जागेवरून लांब उडीतही पायांच्या लांबीचा असाच वाटा असतो.

कूपर यांनी बारा मिनिटांत कापलेल्या अंतरावरून प्राणवायू ग्रहणक्षमतेचे जे समीकरण दिले, ते अमेरिकन हवाई दलातील ११५ पुरुषांच्या चाचण्यांवर आधारलेले होते. मीटरमधील अंतरातून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागावयाचे. त्यानुसार २४०० मीटर धावणाऱ्याची क्षमता ४२.४ आणि २२०० मीटर धावणाऱ्याची ३७.९ मिलिलिटर दर किलो दर मिनिट येते. हवेत दमटपणा असेल तर घाम वाळत नाही, शरीर तापते आणि तोच मुलगा कमी अंतर धावतो. जानेवारीच्या सकाळी घेतलेली आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात घेतलेली धाव यांची सरासरी एकाच रकान्यात मांडली तर मुलांची क्षमता व कोकणची हवा यांची भेसळ होते. प्रबंधांत चाचणीचा महिना, वेळ, तापमान आणि मैदान मऊ मातीचे होते की जांभ्याच्या कातळाचे, यांची नोंद क्वचितच आढळते. बारा आठवड्यांच्या प्रशिक्षणाचेही तेच. जूनमध्ये आरंभ केला तर पाऊस मैदान बंद करतो, पुढे गणेशोत्सव येतो आणि अर्धी मुले गावी जातात. कागदावरचे बारा आठवडे प्रत्यक्षात किती सत्रांचे होते, हे प्रबंधाने सांगितले पाहिजे.

‘ग्रामीण’ व ‘शहरी’ ही विभागणी तर येथे फारच सैल होते. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. २००१ मध्ये ती ८,६८,८२५ होती. वाढण्याऐवजी घटलेल्या या जिल्ह्यात आठांतील बहुतेक माणसे खेड्यांत राहतात, परंतु घरातील एखादा तरी सदस्य चाकरमानी म्हणून मुंबईस असतो. वाडीवरचा मुलगा मोटारसायकलने किंवा एस. टी.ने कणकवलीस महाविद्यालयात येतो आणि कणकवलीत राहणारा मुलगा चालत येतो. यांतील ग्रामीण कोण व शहरी कोण? पत्त्यावरून गट पाडण्यापेक्षा मुलगा रोज किती चालतो आणि घरच्या शेतीत किंवा होडीवर काम करतो का, हे विचारणे अधिक अर्थपूर्ण ठरेल.

तेथेही ऋतूचे भान ठेवावे लागते. शारीरिक हालचालींची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली मागील सात दिवसांबद्दल विचारते. जुलैमध्ये भातलावणीला गुडघाभर चिखलात वाकून उभी राहिलेली मुलगी आणि फेब्रुवारीत परीक्षेच्या तयारीत बसलेली तीच मुलगी दोन निराळ्या व्यक्ती असल्यासारखी उत्तरे देईल. मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात नेमके उलटे घडेल. सात दिवसांवरून वर्षाचा अंदाज बांधणारे संशोधन येथे फसते.

मुलींविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला; चौथ्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो आणि ६०० मीटरची धाव मंदावते. अशी मुलगी चाचणीत मागे पडली की तिला ‘व्यायामाचा अभाव’ हे कारण चिकटविले जाते आणि अधिक धावण्याचा सल्ला मिळतो. तिला गरज असते ती तपासणीची व लोहाची. मुलींच्या दमदारपणावरील प्रबंधात हिमोग्लोबिनची नोंद नसणे ही पद्धतीतील किरकोळ उणीव म्हणून सोडून देता येत नाही. त्यातून एखाद्या आजारी मुलीला आळशी ठरविले जाते.

शरीर वस्तुमान निर्देशांकाबाबतही अशीच सावधगिरी हवी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत झालेल्या माता-पोषण अभ्यासात असे दिसले की, तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने कमी होते. परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती, घटले होते ते स्नायू. दिसायला कृश पण चरबीने संपन्न अशी ही शरीररचना होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ साली आशियाई लोकांसाठी २३ व २७.५ हे सावधगिरीचे बिंदू सुचविले. तरी पुष्कळ प्रबंध अजून २५ हीच ‘सामान्य’ची वरची मर्यादा धरतात आणि २४ निर्देशांकाच्या मुलाला निश्चिंत करून घरी पाठवितात.

मोजलेले जाते कोठे?

आतापर्यंत जे सांगितले ते मापनाच्या दोषांविषयी होते. अधिक खेदाची गोष्ट निराळीच आहे. पीएच. डी.चे प्रबंध शोधगंगा या संग्रहात ठेवले जाऊ लागल्याने ते निदान पाहता तरी येतात. एम. पी. एड.चे लघुशोधप्रबंध विभागाच्या कपाटात राहतात, आणि त्यांतील मूळ आकडे, म्हणजे प्रत्येक मुलाचे वय, उंची, वजन, उडी व धाव, पुष्कळदा परिशिष्टातही नसतात. सरासरी व टी-मूल्य तेवढे उरते. इतक्या वर्षांत हजारो मुलांच्या नोंदी घेतल्या गेल्या. त्या एकत्र जोडता आल्या असत्या तर प्रत्येक जिल्ह्याची मानके तयार झाली असती आणि दोन दशकांत मुलांचा दमदारपणा वाढला की घटला, याचे उत्तर अंदाजाने द्यावे लागले नसते.

यासाठी मोठ्या प्रकल्पाची गरज नाही. पदवीच्या प्रथम वर्षाला प्रवेश घेणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांची प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी एकाच महिन्यात, सकाळच्या एकाच वेळी, त्याच मैदानावर चारच मोजमापे घेतली – उंची, वजन, कमरेचा घेर आणि ६०० मीटर धाव – तर पाच वर्षांत पाचशे नोंदी होतात. त्याच विद्यार्थ्यांना द्वितीय व तृतीय वर्षी पुन्हा मोजले तर महाविद्यालयीन जीवनात सुदृढतेचे काय होते, हे एकाच व्यक्तीच्या तीन नोंदींवरून दिसते. ते कोणत्याही ग्रामीण-शहरी तुलनेतून दिसणार नाही. जानेवारी हा महिना त्यास सोयीचा आहे : पाऊस संपलेला, हवा त्यातल्या त्यात कोरडी आणि क्रीडास्पर्धा बहुतांशी उरकलेल्या. मुलींच्या हिमोग्लोबिन तपासणीसाठी शासकीय रुग्णालयाचे साहाय्य घेता येईल. मात्र त्यासाठी विद्यार्थिनीची लेखी संमती हवी, तपासणीचा निकाल प्रथम तिच्याच हाती गेला पाहिजे आणि संशोधनाच्या वहीत तिच्या नावाऐवजी क्रमांक असावा. नोंदवही शारीरिक शिक्षण संचालकाच्या खासगी कपाटात न ठेवता ग्रंथालयात ठेवावी, कारण संचालक निवृत्त होतात. तिच्या पहिल्या पानावर चाचणीची पद्धत, धावपट्टीची लांबी कशी मोजली ते, आणि त्या दिवसाचे तापमान लिहिलेले असावे, म्हणजे दहा वर्षांनंतर येणाऱ्या एम. पी. एड.च्या विद्यार्थ्याला आपली मोजणी त्या मोजणीशेजारी ठेवता येईल.